खांबावरचा गिलावा

एकवीस वर्षे लिहिण्यावर पोट भरले आणि त्या काळात छापील मजकुराखाली माझे नाव एकदाही आले नाही. पहिली दहा वर्षे नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून गेली. तिथे बातमीच्या डोक्यावर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असे. चौऱ्याण्णव सालापासूनची अकरा वर्षे नाशिक रोडला एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कार्यालयात गेली. तिथे अहवालाच्या तळाशी साहेबांची सही असे. दोन्हीकडे मजकूर माझा होता. नाव नसण्याची सवय होते, आणि पुढे ती आवडूही लागते. नाव नसलेल्या माणसाला सकाळी फोन करून कोणी शिव्या देत नाही.

काम असे होते. इमारत पडली, खचली किंवा जळाली की तिची पाहणी व्हायची. गायधनी साहेब इंग्रजीत टिपणे काढायचे. त्यावरून मराठी अहवाल मी लिहायचा, कारण तो वाचणारे लोक सोसायटीचे चेअरमन, सरपंच, तलाठी, फौजदार आणि वकील असत. नोकरीवर घेताना साहेब म्हणाले होते, “मला इमारत कळते, वाक्य कळत नाही. तुम्हाला वाक्य कळतं. इमारत हळूहळू कळेल.” त्या दिवसापासून ते मला ‘संपादक’ म्हणू लागले. त्यात थोडी थट्टा होती.

इमारत थोडीफार कळली. पडलेल्या इमारतीचा ढिगारा लगेच हलवायचा नसतो. कोणता तुकडा कोणत्या तुकड्यावर पडला आहे, यावरून आधी काय पडले ते समजते. म्हणून आधी नंबर टाकायचे, मग फोटो, मग उचलाउचल. काँक्रीटवर हातोडी मारली की चांगले काँक्रीट खणखणते आणि भाजलेले बद्द आवाज देते. आगीत तापलेले काँक्रीट कधी कधी गुलाबी पडते, पण आपल्याकडच्या काळ्या खडीत तो रंग फारसा उठत नाही, त्यामुळे रंगापेक्षा कानावर जास्त भरवसा. तुटलेला बोल्ट सापडला तर तो रुमालात बांधायचा. तो कसा तुटला हे त्याच्या तोंडावर लिहिलेले असते.

गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचे. सिडकोतल्या एका सोसायटीच्या गच्चीचा कठडा पडला, तेव्हा चेअरमन स्वतःच एक मजकूर टाइप करून घेऊन आले. त्यात ‘निसर्गाचा कोप’ असे तीनदा होते. त्या आठवड्यात साधा वाराही सुटलेला नव्हता. साहेबांनी कागद परत दिला.

चेअरमन म्हणाले, “अहो, निदान एकदा तरी ठेवा. कमिटीत माझं तोंड राहील.”

“वारा कुठल्या दिशेचा लिहू?” साहेबांनी विचारले.

चेअरमननी खरोखर विचार केला आणि म्हणाले, “तुम्हाला सोयीचा पडेल तो.”

अहवालाच्या भाषेबाबत साहेबांचा एकच नियम होता. त्यात ‘मी’, ‘आम्ही’, ‘त्याने’, ‘तिने’ यायचे नाही. ‘पाहणी करण्यात आली.’ ‘सळया गंजलेल्या आढळल्या.’ ‘भिंत काढण्यात आली होती.’ काय झाले ते आपण सांगायचे. कोणी केले ते पोलीस बघतील. मला हा नियम शिकावा लागला नाही. दैनिकात दहा वर्षे तेच केले होते. लाठीमार कोणी केला हे सगळ्या गावाला माहीत असले, तरी बातमीत लाठीमार ‘करण्यात आला’ असेच जायचे. मराठीत ही सोय फार चांगली आहे. क्रियापद पूर्ण होते आणि माणूस त्यात कुठेच नसतो.

दोन हजार एकच्या सप्टेंबरातली ती संध्याकाळ सगळ्यांनाच आठवते. कार्यालयाखालच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सात-आठ टीव्ही होते आणि सगळ्यांवर न्यूयॉर्कचे दोन मनोरे जळत होते. फुटपाथवर नोटांच्या प्रेसमधून सुटलेल्या कामगारांची गर्दी. आम्ही उतरलो तेव्हा दोन्ही मनोरे उभे होते. साडेसातच्या सुमारास एक खाली गेला. गर्दीतून आवाज आला तो श्वास घेतल्यासारखा. साहेबांनी घड्याळ पाहिले. अर्ध्या तासाने दुसरा गेला, तेव्हाही पाहिले.

वर आल्यावर म्हणाले, “संपादक, एक गोष्ट लिहून ठेवा. विमान आदळल्यानं ते पडले नाहीत. आदळल्यावर उभे राहिले. एक तासभर, दुसरा त्याहून जास्त. तो वेळ कुठून आला आणि कुठे संपला, एवढंच शोधायचं असतं.”

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या दैनिकातून फोन आला. मनोरे का पडले ते सामान्य वाचकाला समजेल असे लिहून द्या, नाव अर्थातच नको, ‘जाणकारांच्या मते’ असे घालू. साहेबांशी बोलून लिहिले. तेव्हा त्यांच्याकडे अंदाजच होता, पण पुढे तो फारसा चुकीचा ठरला नाही. विमानाने काही खांब तोडले. त्यांचा भार शेजारच्या खांबांनी उचलला. पोलादाला आगीपासून जपण्यासाठी वर एक लेप दिलेला असतो, तो धडकेने उडाला असावा. मग आग. पोलाद वितळायला लागते तेवढी ती आग तापत नाही. पण पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ पडते आणि निम्मी ताकद घालवून बसते. आधीच जादा भार उचललेला खांब मग वाकतो. लेखात ‘पोलाद वितळले नाही’ हे वाक्य दोनदा होते. मथळा छापून आला: ‘पोलाद वितळले आणि मनोरे कोसळले!’

पुढचे काही महिने इमारतीशी संबंध असलेला जो भेटे तो हेच विचारी. कॉलेज रोडवरच्या सात मजली इमारतीतले एक गृहस्थ कार्यालयात येऊन बसले. “आमच्या बिल्डिंगवर विमान आलं तर?”

साहेब म्हणाले, “विमान येईल तेव्हा बघू. तळमजल्यावर तुमच्या दुकानदारानं शटर बसवायला कॉलमची कड फोडली आहे, ती आज बघून या.”

गृहस्थ हसले. आम्हीही हसलो. अशी वाक्ये आमच्या कार्यालयात रोज बोलली जात.

त्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात, द्राक्षे संपत आली असताना, पिंपळगाव बसवंतच्या एका शीतगृहाची फाइल आली. महामार्गाला लागून तीन मजले. पोलादी खांब, पोलादी तुळया, विटांच्या भिंती आणि भिंतींना आतून थर्मोकोल. खाली द्राक्षांचे क्रेट, वरच्या दोन मजल्यांवर बेदाण्याची खोकी. बेदाण्याचे एक खोके हलके वाटते, पण मजला भरून रचले की तो भार फार असतो.

दुपारी एकच्या सुमारास कांद्याचा एक ट्रक ब्रेक न लागल्याने रस्ता सोडून माल चढवायच्या धक्क्यावर आला आणि कोपऱ्याच्या खांबावर आदळला. खांब वीतभर आत वाकला. इमारत उभी राहिली. ड्रायव्हर हात मोडून घेऊन बाहेर पडला. डिझेलची टाकी फुटली होती. ते पेटले, त्याने थर्मोकोल पेटला. थर्मोकोल जळताना थेंबाथेंबाने खाली गळतो आणि जिथे पडेल तिथे नवी आग लावतो. आवारातली माणसे तोवर रस्त्यावर आली होती. दोन बंब आले. चारच्या आत आग विझली. पूर्ण विझली, याबद्दल सगळ्या साक्षी एकसारख्या होत्या. इमारत तेव्हाही उभी होती.

सव्वापाचला धक्क्याकडची पूर्ण बाजू खाली आली. आत दोन माणसे होती, ती वाचली नाहीत. नवसू आणि त्याचा मेव्हणा काशिराम. दोघेही पेठकडच्या एकाच पाड्यावरचे, भात काढून झाले की दर वर्षी हंगामाला पॅकहाऊसवर येणारे.

विझलेल्या आगीनंतर दीड तासाने इमारत का पडली, हा प्रश्न होता. आणि तो केवळ आमच्यापुरता नव्हता. फौजदाराच्या कागदावर एक नाव आधीच आलेले होते. शीतगृहाचे सुपरवायझर युसूफभाई. सायखेड्याचे, पन्नाशी उलटलेले, वीस वर्षे त्याच धक्क्यावर. त्यांच्यावर दोन आरोप ठेवायचे घाटत होते. एक, काही वर्षांपूर्वी खांबांची तोडफोड त्यांच्या देखरेखीखाली झाली. दोन, धोका असताना माणसे आत गेली. पहिला आरोप टिकला तर दुसराही टिकेल आणि ते तुरुंगात जातील, असे त्यांच्या वकिलाने त्यांना सांगितले होते. मालक तोवर मुंबईला दवाखान्यात दाखल झालेले होते.

आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. भिजलेल्या बेदाण्याला आंबूस वास सुटला होता आणि माश्या घोंघावत होत्या. युसूफभाई फाटकाशी उभे होते. पोलिसांनी कुठे जाऊ नका सांगितल्यामुळे ते रोज सकाळी येऊन तिथेच उभे राहत.

“चहा घेता का साहेब?” त्यांनी विचारले. आणि कोणी काही म्हणायच्या आत, “नाय, नाय, नका घेऊ. हितं बसून चहा कसा घ्यायचा.”

तीन दिवस नंबर टाकण्यात आणि मोजण्यात गेले. आतल्या रांगेतले खांब सरळ उभे होते. त्यांच्याभोवती चारी बाजूंनी तीन-तीन इंच काँक्रीट होते. एका ठिकाणी ते फोडून पाहिले, तर आतल्या पोलादावरचा लाल रंगही जागेवर होता. धक्क्याकडच्या रांगेतले तीन खांब मात्र जमिनीपासून डोक्याएवढ्या उंचीपर्यंत उघडे होते. नुसते पोलाद, वर हिरवा ऑइलपेंट, आणि तोही जळून पापुद्रे आलेला. ट्रकने त्यांतल्या एकाला वाकवले. त्याचा भार दुसऱ्या दोघांवर गेला. ते दोघे उघडे असल्यामुळे तापले आणि पिळवटले. तरीही इमारत तग धरून होती, कारण तुळया तापून लांबल्या होत्या, मधे झोळ पडला होता आणि त्या कशाबशा अडकून राहिल्या होत्या. आग विझल्यावर त्या थंड होऊ लागल्या. थंड होताना पोलाद आखडते. झोळ पडलेली तुळई आखडली की दोन्ही टोकांचे बोल्ट ओढते. ते एकामागून एक तुटले. आगीने इमारत पाडायची तयारी केली होती, पाडली ती गारव्याने. सात बोल्ट सापडले, सातही ओढून तुटलेले.

साहेब बराच वेळ त्या हिरव्या रंगाच्या खांबाजवळ बसून होते. मग त्यांनी युसूफभाईंना हाक मारली.

“हे काँक्रीट कधी काढलं?”

“पाच वर्सं झाली. गाड्या मोठ्या यायला लागल्या ना साहेब, मागं घेताना घासायच्या. मालक म्हणले, खांब बारीक करता येतील का बघा. गवंडी म्हणला, वरचं काढलं तर अर्धा फूट जागा भेटल. मी म्हणलो, आपल्या डोक्यानं नाय करायचं, इंजिनेरला इचारा. मग पत्र आलं.”

“कसलं पत्र?”

“तुमचंच की साहेब.”

ते ऑफिसच्या खोलीत गेले आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. पत्र नीट घडी घालून ठेवलेले होते. आमच्या कार्यालयाचे, साहेबांच्या सहीचे, माझ्या टाइपरायटरवरचे. मधल्या परिच्छेदात एक वाक्य होते: ‘खांबांवरील गिलावा काढून नव्याने करण्यास हरकत नाही.’

“गवंडी छन्नी लावत गेला,” युसूफभाई म्हणाले. “म्हणला, लय जाड गिलावा हे. मी म्हणलो, पत्रात गिलावाच लिहिलंय, काढ. लोखंड लागलं तवा थांबलो. नव्यानं करायचा व्हता, पण गाड्या घासंना झाल्या तवा मालक म्हणले राहू द्या, रंग मारा.”

साहेबांनी पत्र माझ्याकडे दिले. 

नाशिक रोडला परत येऊन जुनी फाइल काढली. साहेबांच्या हातचे इंग्रजी टिपण होते. त्यात दोन वाक्ये होती. पहिले असे की पोलादी खांबांभोवतीचे एनकेसमेंट, म्हणजे ते तीन इंची काँक्रीट, कोणत्याही परिस्थितीत हलवू नये. दुसरे असे की त्यावरचे प्लास्टर काढून नवे करायला हरकत नाही. टिपणाखाली माझा कच्चा मराठी खर्डा टाचलेला होता. एनकेसमेंटला त्या दिवशी शब्द सुचला नसावा. दोन्ही ठिकाणी ‘गिलावा’ लिहिले होते. त्यामुळे वाचायला ते असे झाले: खांबांभोवतीचा गिलावा हलवू नये, त्यावरील गिलावा काढून नव्याने करण्यास हरकत नाही.

हे वाक्य विचित्र दिसते. उपसंपादकाला अशी वाक्ये खुपतात. एकच शब्द दोनदा आला आहे, पहिला भाग दुसऱ्याला छेद देतो आहे, मजकूर लांबला आहे. खर्ड्यात पहिल्या भागावर लाल शाईची रेघ होती. शेजारी समासात, दहा वर्षांच्या सवयीने, लिहिलेले होते: ‘पुनरुक्ती.’

अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. रेघ सरळ होती.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, “सही माझी आहे.”

“तुम्ही वाचलं नव्हतं का?”

“तुमचं कधीच वाचत नव्हतो. आता बरं ते विचारता.” थोडा वेळ त्यांनी चष्मा पुसला. “खरं तर हे काम आपण सोडायला पाहिजे. आपल्याच पत्राचा तपास आपण कसा करायचा?”

चौकशी प्रांत साहेबांकडे होती, त्यांना ते तसे भेटून आले. प्रांत म्हणाले, पाहणी पूर्ण झाली आहे, बोल्ट तुमच्याकडे आहेत, पत्राचा उल्लेख करा आणि द्या. तो दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासून घेईन, असेही ते म्हणाले. त्यामुळे अहवाल लिहायचा राहिला तो मलाच. पत्राबद्दलचा परिच्छेद चार वेळा लिहिला. शेवटी उरला तो असा: ‘सदर खांबांवरील संरक्षक आवरण, पूर्वीच्या पत्रातील मराठी मजकुराचा एक भाग गाळण्यात आल्याने निर्माण झालेल्या गैरसमजातून काढण्यात आले.’ गाळण्यात आल्याने. काढण्यात आले. एकही शब्द खोटा नव्हता. पत्राची आणि टिपणाची नक्कल जोडली. कच्चा खर्डा जोडला नाही. साहेबांनी या वेळी अहवाल शब्दन्‌शब्द वाचला, त्या परिच्छेदाशी थांबले, माझ्याकडे पाहिले आणि सही केली.

दुसऱ्या एका ठिकाणीही भाषेने काम केले होते. ‘सायंकाळी पाचच्या सुमारास दोन कामगार आत गेले असता.’ ते का गेले, कोणाच्या सांगण्यावरून गेले, हे अहवालाच्या कक्षेत येत नव्हते. युसूफभाईंसाठी तेवढे करता येण्यासारखे होते.

निफाडला प्रांत कचेरीत सुनावणी झाली. खोली लहान होती. एका बाजूला आम्ही, फौजदार, विमा कंपनीचे वकील. दुसऱ्या बाजूला बाकावर युसूफभाई आणि त्यांचा मोठा मुलगा. भिंतीशी खाली नवसूची बायको जनीबाई आणि तिचा सासरा. पेठहून पहाटेची एसटी धरून आले होते. बाकावर बसा असे शिपायाने दोनदा सांगितले, पण ते खालीच बसले.

कारकुनाने अहवाल मोठ्याने वाचायला घेतला. वाचन चांगले होते. खांब, भार, तुळया, बोल्ट. खोलीत बहुतेकांना कळत होते. त्याचा मला, लाज वाटावी असा, थोडा आनंदही होत होता. मग तो परिच्छेद आला. कारकून ‘काढण्यात आले’पाशी पान उलटायला थांबला, तेवढ्यात खालून आवाज आला.

“कोनी?”

प्रांतांनी वर पाहिले. “काय म्हणालात बाई?”

“करन्यात आला, करन्यात आला, कधीचा वाची राह्यलाय तो,” जनीबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. खरोखरच समजत नव्हते म्हणून ती विचारत होती. “कोनी केला ता?”

फौजदार म्हणाले, “बाई, ते सरकारी भाषेत तसंच असतं.”

“सरकारनी केला?”

विमा कंपनीच्या वकिलाला हसू आले. बाकी कोणी हसले नाही. युसूफभाई उठून उभे राहिले. “माझ्या देखत काढलं,” ते म्हणाले. “गवंडी मी लावला व्हता.”

फौजदाराने मान हलवली आणि कागदावर काहीतरी टिपले.

साहेब माझ्याकडे पाहत नव्हते. ते समोर टांगलेल्या तालुक्याच्या नकाशाकडे पाहत होते. सही त्यांची होती. मी गप्प राहिलो असतो तर त्यांनी ते स्वतःवर घेतले असते की नाही, हे मला आजही माहीत नाही. त्यांना विचारायचे राहून गेले.

उभा राहिलो आणि सांगितले. पत्राचे मराठी मी केले. मूळ टिपणात खांबाभोवतीच्या काँक्रीटला हात लावू नये असे स्पष्ट वाक्य होते. ते मी खोडले. युसूफभाईंपर्यंत ते पोचलेच नाही. खर्डा माझ्या पिशवीत होता. तो सकाळी घरून निघताना कशासाठी घेतला होता, ते मी स्वतःलाही सांगितले नव्हते. तो पुढे ठेवला.

प्रांतांनी तो उलटसुलट करून पाहिला. “का खोडलं?”

“दोनदा आल्यासारखं वाटलं.”

त्यांनी आणखी काही विचारले नाही. कारकुनाला लिहून घ्या म्हणाले. कारकुनाने लिहिले आणि वाचून दाखवले: “सदर मजकूर नजरचुकीने गाळण्यात आल्याचे सांगण्यात आले.”

“तसं नको,” मी म्हणालो. “गाळण्यात आल्याचे नको. सांगण्यात आले नको. नाव घाला.”

“नमुना असाच असतो साहेब.”

“नमुना मला माहीत आहे.”

कारकुनाने प्रांतांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. कारकुनाने ओळ खोडली, नाव विचारले, वडिलांचे विचारले, आडनाव विचारले. मग लिहिले. त्याखाली माझी सही झाली. जनीबाई ते सगळे पाहत होती. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतले, जसे लक्षात ठेवण्यासाठी माणूस पाहतो, आणि मग मान फिरवली.  

पहिला आरोप पडला. तो पडल्यावर दुसराही उभा राहू शकला नाही. आग विझली होती, सगळे तसे म्हणाले होते, आणि दोन कामगार आत ‘गेले’ होते. युसूफभाईंवर खटला झाला नाही. साहेबांचे नाव दोन सरकारी याद्यांमधून कमी झाले. त्यांनी मला जा म्हटले नाही. तरी पुढचे दीड वर्ष प्रत्येक कागद आम्ही दोघांनी वाचला, आणि त्यात कामाची गती एवढी मंदावली की थांबणे बरे, असे मलाच वाटले.

नोकरी सोडण्याच्या सुमारास अमेरिकेतल्या चौकशीचा मोठा अहवाल बाहेर आला होता. साहेबांनी त्याची काही पाने छापून घेतली होती. धडकेने पोलादावरचा संरक्षक लेप उडाला आणि म्हणून आगीपुढे ते टिकले नाही, अशा अर्थाच्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. शेजारी लिहिले होते, ‘त्यांच्याकडे विमानाने.’ पुढे काही नव्हते. ती पाने मी टेबलावर होती तशी ठेवून आलो.

सुनावणी संपल्यावर त्या दिवशी कचेरीच्या आवारात युसूफभाई जवळ आले होते. आभार मानायला येताहेत असे वाटून मी संकोचलो. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही तुमचं नाव घातलं. माझं ऱ्हायलं.”

“तुमचं कशाला?”

“दोन कामगार आत गेले, असं वाचलं त्यानं. ते आपल्या मनानं कशाला जातील? मालकाचा फोन आला, खालचे क्रेट भिजत्यात, काढा म्हणून. मी म्हणलो, चला रे, आग इझली. ते कुठल्या पत्रात नव्हतं साहेब. ते मी म्हणलो.”

“युसूफभाई, आता ते उकरून काढू नका.” त्यांचा मुलगाही मागून खुणावत होता, नको, नको.

ते वाक्य मी बदलले नाही. माझे बदलायला मला हिंमत लागली, असे लोक म्हणाले. त्यांचे न बदलण्यात ती लागली की कमी पडली, हे ठरवता आलेले नाही.

या अंकासाठी लिहायचे ठरल्यावर सायखेड्याला जाऊन आलो. युसूफभाई आता घरीच असतात. गुडघे गेले आहेत. दाराशी खुर्ची टाकून बसतात, तिथून नदी दिसते. हे सगळे त्यांना वाचून दाखवले. मध्ये एकदाच त्यांनी थांबवले: क्रेट भिजले नव्हते म्हणाले, नुसते भिजतील अशी भीती होती. शेवटी म्हणाले, “चांगलं लिव्हलंय. पण ते अजून तसंच ठेवलंय तुम्ही. मुलं आता मोठी झाली. आता नीट लिव्हा.”

तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून, नीट लिहितो. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता युसूफभाईंनी नवसूला आणि काशिरामला आत जायला सांगितले. ते दोघे गेले. युसूफभाई त्यांच्या मागोमाग आत शिरले, क्रेट ठेवायला हातगाडी हवी म्हणून परत फिरले आणि हातगाडी घेऊन दारापासून आठ पावलांवर आले असताना ती बाजू खाली आली.